मुदत संपलेला गठ्ठा

शेफालीदी,

रविवारी तितिर येतेय. सकाळच्या गाडीने वापीला उतरेल आणि तिथून रिक्षा करून अकरापर्यंत माझ्या दारात उभी राहील. काल फोनवर तुमच्या लेकीने काय विचारलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. "काका, माँ का वो बांग्ला वाला गठ्ठा आपके पास ही है ना? माँ बोलती थी, मोहोनकाका की अलमारी में दो ताले हैं." मी म्हटलं, तू ये आधी, मग बोलू. ती गप्प झाली. तुम्ही गप्प व्हायचात तशीच, की समोरच्याला आपण नक्की काय चुकीचं बोललो ते आठवत बसावं लागतं.

गठ्ठा माझ्याकडे नाही, दीदी. जूनपासून नाही. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही असताना तोंडाने बोललो नाही, तुम्ही गेल्यावर कोणाला सांगितलं नाही. सोमवारी शाळेत तुमच्यासाठी सभा झाली, तिथे मी दहा मिनिटं बोललो. तुमची साधी साडी, तुमची शिस्त, मुलांवरची माया, सगळं बोललो. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, परबसर, डोळ्यांत पाणी आणलंत. तुम्ही ऐकत असतात तर म्हणाला असतात, "मोहोनबाबू, आप फिर शक्कर डाल दिया." हे तुमचं नेहमीचं. माझ्या मराठीत साखर जास्त, हा तुमचा आरोप मी सहा वर्षं ऐकला आणि सहा वर्षं भांडलो.

आपण तुमच्या आठवणींच्या भाषांतराचं ते काम कसं करायचो ते आज कोणाला सांगितलं तर हसतील. मला बंगाली वाचता येत नाही, तुम्हाला मराठी लिहिता येत नव्हतं. शनिवारी शाळा अर्धी सुटली की तुम्ही परीक्षा विभागाच्या खोलीत यायचात. आधी तुम्ही बंगालीतला एक परिच्छेद मनातल्या मनात, ओठ हलवत वाचायचात. मग तोच हिंदीत सांगायचात. मधे शब्द अडला की हाताने दाखवायचात, नदीने काठ कसा कापला तेसुद्धा हातानेच. मी मराठीत उतरवायचो आणि मोठ्याने वाचून दाखवायचो. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मराठी तुम्हाला कानाने पक्की कळायची, इतकी वर्षं सिल्वासात काढल्यावर न कळून कसं चालेल. पटलं तर "हूँ". नाही पटलं तर डबा उघडून मोहरीचं तेल घातलेले कुरमुरे खायला लागायचात, म्हणजे मी समजायचं की पुन्हा लिहा. ते कुरमुरे मला कधी आवडले नाहीत. तुम्ही "मुढी" म्हणायचात, मी मुद्दाम कुरमुरेच म्हणायचो. आता घरात ते आणून ठेवलेत. कशाला आणले ते माहीत नाही.

आणि तुमचा कागद! सगळं आयुष्य तुम्ही परीक्षेच्या पुरवण्यांवर लिहिलंत. शाळेचा शिक्का मारलेल्या, उरलेल्या पुरवण्या पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. त्या रद्दीत जायच्या आधी तुम्ही माझ्याकडून मागून न्यायचात. मी एकदा विचारलं, चांगली वही का घेत नाही? तुम्ही म्हणालात की या कागदासमोर माणूस घाबरून बसतो, खोटं लिहायला धजत नाही. डाव्या बाजूला मुलांसारखा समास दुमडायचा, वीस-वीस पुरवण्या पांढऱ्या दोऱ्याने बांधायच्या, आणि धूळ लागू नये म्हणून वर उत्तरपत्रिकेचं कोरं मुखपृष्ठ. तुमच्या क्वार्टरला वाळवी. सुरुवातीच्या कथा वाळवीने खाल्ल्या, तेव्हापासून तो गठ्ठा माझ्या स्टीलच्या कपाटात यायला लागला. दोन कुलपं होती ना. तुमचा माझ्यावर नव्हे, कुलपांवर विश्वास होता, असं मी चिडवायचो. तुम्ही म्हणायचात, "दोनों पे. ताले पे थोड़ा ज़्यादा."

पहिलं प्रकरण मला अजून तोंडपाठ आहे. उत्तर बंगालातलं ते छोटं गाव, औषधाच्या दुकानात पुड्या बांधणारे तुमचे बाबा, बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर त्यांनी गिरवून घेतलेली तुमची अक्षरं. पण माझा जीव अडकला तो तुमच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या प्रकरणात. तुम्ही त्यांना बोडदी म्हणायचात. तुम्ही अकरा वर्षांच्या, नदीने होड्यांचा धक्का कसा वाहून नेला त्यावर निबंध लिहिलात, आणि वर्गबाईंनी वही टाकली, ही पोरगी कुठून तरी उतरवते म्हणून. बोडदींनी आरडाओरडा केला नाही. तुम्हाला आपल्या खोलीत बसवलं, शाईचं पेन दिलं आणि सांगितलं, या खोलीवर लिही. बाहेरून कडी लावली. तासाभराने वाचून वर्गबाईंना बोलावलं आणि विचारलं, हे कोणाचं उतरवलंय, माझ्या टेबलाचं?

हे सांगताना तुम्ही दर वेळी हसायचात आणि दर वेळी शेवटी गप्प व्हायचात. मी लिहायच्या नादात होतो, त्या गप्प होण्याकडे पाहिलं नाही. तुम्हाला कुठे जायचं होतं ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला योगितापाशी जायचं होतं.

योगिता आपल्या नववीच्या वर्गातली. शहाद्याकडचं कुटुंब, वडील राखोलीच्या सूतकारखान्यात. तुमच्या विषयात, इंग्रजीत, यथातथाच. व्याकरणात रांगेने चुका, आणि वार्षिक परीक्षेत निबंध मात्र असा की तुम्ही पेपर घेऊन माझ्याकडे धावत आलात. विषय होता घरातला एक माणूस. तिने लिहिलं होतं, बाबा रोज पापण्यांवर कापूस घेऊन घरी येतात, आई आधी तो फुंकरीने उडवते आणि मग त्यांना पाणी देते. छोटी छोटी इंग्रजी वाक्यं, एकही चूक नाही. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाईडमधून पाठ केलंय, हे आधी कोण म्हणालं? मला वाटतं तुम्ही. पुस्तकात तुम्हीही तसंच लिहिलंय. पण त्यानंतर तुम्ही म्हणालात, "उसको बुलाके एक बार बिठा देते हैं. इसी कमरे में. लिखने दो." आणि मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, दीदी, निकाल चार वाजता द्यायचाय, वेळ नाही.

तुम्ही निबंधाला शून्य दिलंत. मी परीक्षाप्रमुख म्हणून शेजारी सही केली. त्या गुणांनी ती इंग्रजीत राहिली, इंग्रजीमुळे नववीत राहिली, आणि जूनमध्ये शाळेत आलीच नाही. खडोलीला प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला लागली असं कोणीतरी म्हणालं. दरवर्षी अशी दहा-बारा मुलं जातात. मी हजेरीपटावर नाव कमी केलं आणि विसरलो.

तुम्ही विसरला नाहीत. दोन वर्षांनी मुलांना कारखाना दाखवायला राखोलीला नेलं होतं. पाळी सुटत होती. दारातून माणसं बाहेर येत होती, आणि एकेकाच्या पापण्यांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव. तुम्ही मुलांना रांगेत उभं करता करता तिथेच थांबलात. मी म्हटलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "मोहोनबाबू, ये कौन सी गाइड में मिलेगा?" परतताना बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसला नाहीत.

हेच सगळं तुम्ही त्या प्रकरणात लिहिलंत. बोडदींपासून सुरू केलंत आणि योगितावर आणलंत. शेवटचा परिच्छेद मला सांगताना तुम्ही कागदाकडे बघतसुद्धा नव्हतात. तो असा होता: बोडदींनी माझ्यासाठी एक तास काढला, त्या तासावर मी लेखिका झाले, मास्तरीण झाले. माझी पाळी आली तेव्हा माझ्या सहकाऱ्याने, मोहनबाबूंनी, सांगितलं की वेळ नाही. आणि मला बरं वाटलं. मला बसवायचं नव्हतंच तिला. एका मजुराच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं वाक्य सुचलं होतं.

हे मी उतरवून घेतलं, दीदी. शब्द न् शब्द. मग घरी जाऊन पक्कं लिहिताना तो परिच्छेद गाळला.

पुढच्या शनिवारी तुम्हाला ते प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलंत. "फिर से." मी पुन्हा वाचलं. कुरमुऱ्यांचा डबा तुम्ही उघडला नाहीत. म्हटलं, दीदी, तुमच्यासारख्या बाईने आपल्या तोंडाने असं लिहावं, लोक काय म्हणतील, तुमचे विद्यार्थी वाचतील. तुम्ही म्हणालात, "आपने अपने आप को निकाला. ठीक है. पर मुझे क्यों निकाला?" मी चिडलो. कोणी चोरी पकडली की मी चिडतोच, तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, मराठी माझी आहे, मराठीत काय जाईल ते मी ठरवणार. पुरा एक महिना आपण शनिवारी भेटलो नाही. किलवणी नाक्यावर एकदा समोरासमोर आलो तर तुम्ही भाजीवालीशी मिरच्यांच्या भावावरून बोलत बसलात.

मग तुम्हीच आलात. खुर्चीवर बसून पिशवी मांडीवर घेतलीत आणि म्हणालात, "चलिए. मराठी आपकी. बांग्ला में तो है ना. बांग्ला में जब तक है, मुझे चलेगा." मला ते तेव्हा माफीसारखं वाटलं. आता कळतं की तुम्ही माझ्याशी एक करार केला होता, आणि तुमच्या बाजूने तेवढाच एक आधार ठेवला होता.

त्याच दिवशी गठ्ठा बांधताना त्यात एक पुरवणी मला वेगळी दिसली. अक्षर तुमचं नव्हतं, देवनागरी होतं, निळ्या पेनाचं. मी मान वाकडी करून पाहतोय म्हटल्यावर तुम्ही ती उलटी करून खाली सरकवलीत. "ये आपका नहीं है. अभी नहीं." मी विचारलं नाही. आपली गाडी नुकती रुळावर आली होती.

आता ते लिहितो जे तुम्हाला सांगायचं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये काम संपलं. तुम्ही सुट्टीत तितिरकडे निघालात. जाताना म्हणालात, पक्की प्रत होऊ द्या, मी आले की एकदा बंगालीशी ताडून पाहू. मी गठ्ठा कपाटात ठेवायला गेलो तर खालच्या फळीला ओल आलेली. मलाही निघायचं होतं, गावी आंबा उतरवायला भाऊ खोळंबला होता. मी गठ्ठा वरच्या फळीवर सारला. वरची फळी मुदत संपलेल्या उत्तरपत्रिकांची. तीच पुरवणी, तोच पांढरा दोरा, वर तेच मुखपृष्ठ. जूनमध्ये दरवर्षीप्रमाणे पेपर मिलचा टेंपो आला. मुदत संपलेले पेपर रद्दीवाल्याला देत नाहीत, थेट लगद्यात जातात, आणि ते गेले म्हणून सही करायची असते. ती सही मी करतो. शिपाई एकेक गठ्ठा उचलून टेंपोत टाकत होता आणि मी दाराला टेकून पावतीवर पेन चालवत होतो. तुमचं सगळं आयुष्य माझ्या समोरून, दोन हातांच्या अंतरावरून गेलं असणार.

आठवड्याने गठ्ठा पुन्हा खाली ठेवायला कपाट उघडलं, तर वरची फळी मोकळी. मी तसाच रिक्षा करून वापीला गेलो. मिलच्या फाटकावरच्या माणसाने मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, "साहेब, ते तो ते ज दिवसे पल्प थई गयुं. तुमच्या समोर तर सही थयेली." बिचाऱ्याला वाटलं मी तपासणीला आलोय.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या स्टुलावर बसल्या बसल्या पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. आता तो परिच्छेद कुठेच नाही, असं मनात येऊन गेलं. एक क्षणच.  पण तो क्षण होता, दीदी. त्या क्षणामुळे मी तुम्हाला सांगू शकलो नाही. चूक झाली असं सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं असतंत, आणि तुम्हाला तो दिसला असता.

तुम्ही परत आलात त्याच आजारी होऊन. दिवाळीनंतर हॉस्पिटलातून बाहेर पडला नाहीत. पहिल्या भेटीत विचारलंत, "कॉपी हो गई?" म्हटलं, दोन प्रकरणं राहिली. दुसऱ्या भेटीत म्हणालात, गठ्ठा घेऊन या. म्हटलं, कपाटाची चावी शाळेत राहिली. तिसऱ्या भेटीत तुमचा आवाज बारीक झाला होता. "पढ़ना नहीं है मोहोनबाबू. एक बार छूना है." मी म्हटलं, सोमवारी आणतो. आणि पुरवण्यांचा एक कोरा गठ्ठा दोऱ्याने बांधून पिशवीत घातला होता, हेही ऐका. सोमवारी तो घेऊन मी खरंच निघालो होतो. जिन्यातून परत फिरलो. तुमच्या बोटांना कळलं असतं.

तुम्ही माझ्यावर रागावून गेलात की विश्वास ठेवून गेलात, हे मला कधीच कळणार नाही. दोन्हींतलं काय जास्त वाईट तेही ठरवता येत नाही.

इतकं मी बुधवारी लिहिलं होतं. तितिरला काय द्यायचं याचे दोन रस्ते मला दिसत होते. एक, सहा मराठी वह्या हातात ठेवायच्या आणि म्हणायचं, बंगाली वाळवीने खाल्लं. तुमच्या क्वार्टरची वाळवी तिला माहीत आहे, तिने विश्वास ठेवला असता. त्या वह्यांत तुम्ही प्रेमळ, करारी, निष्कलंक. मीसुद्धा. तितिर कोणाकडून तरी ते पुन्हा बंगालीत करून घेईल, आणि तुमच्याच भाषेत तुमच्या तोंडी माझी साखर. दुसरा रस्ता तुम्हाला माहीत आहे. दोन दिवस मी पहिल्याच रस्त्यावर उभा होतो.

काल, शनिवारी, योगिताला शोधायला खडोलीला गेलो.

पाळी दुपारी सुटते. फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे उभा राहिलो. मी तिला ओळखली नाही, तिने मला ओळखलं. हातात डबा, गळ्यात कारखान्याचं कार्ड, आता चांगली मोठी बाई झालीय. "परबसर? तुम्ही इकडे काय करी राहिले?"

मी सांगितलं, शेफाली मॅडम गेल्या.

"माहीत आहे सर. व्हॉट्सॅपवर आलं." ती थोडा वेळ डब्याच्या कडीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "सर, मॅडमकडे माझा कागद होता. तो भेटेल का?"

कसला कागद, हे मी विचारलं. विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"तीन साल झाले असतील. मॅडम इथेच आल्या होत्या, ह्याच टपरीवर. मला बोलल्या, मी तुझ्यावर अन्याय केला. मला तर काही सुचेना, एवढ्या मोठ्या बाई रस्त्यात उभ्या राहून हात जोडी राहिल्या. मग थैलीतून पुरवणी काढली, पेन दिला. बोलल्या, लिही काही पण. मी म्हटलं मॅडम, आता मला इंग्लिश येत नाही. तर बोलल्या, मराठीत लिही, अहिराणीत लिही, मी वाचून घेईन. ह्या बाकड्यावर बसून लिहिलं मी. आईवर लिहिलं." तिने गळ्यातलं कार्ड सरळ केलं. "आई गेली मागच्या साली. घरात तिचा फोटो आहे, पण ते लिहिलेलं पाहिजे होतं. त्यात ती बोलते."

 दीदी, तुम्ही तेरा वर्षांनी तिला बसवलंत. मला न सांगता बसवलंत, आणि तो कागद तुमच्या बालपणाच्या शेजारी ठेवलात, माझ्या दोन कुलपांत.

मी तिला सगळं सांगितलं. वरची फळी, टेंपो, मिल, सही.  शेवटी म्हणाली, "म्हणजे दोन्ही टायमाला तुम्हीच, सर?"

"हो."

"पहिल्या टायमाला तरी टाइम नव्हता ना? मॅडम बोलल्या होत्या मला. सरांची काही चूक नाही, निकाल चार वाजता द्यायचा होता, टाइमच नव्हता."

तुम्ही तिथेसुद्धा माझी बाजू राखलीत. तुमच्या पुस्तकात मला उभं केलंत आणि तिच्यासमोर मला झाकलंत. हे मी कसं फेडू, आणि कोणाला?

"होता," मी म्हटलं.

"किती?"

"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेपर तपासताना आपण एखाद्या उत्तराकडे बघतो तसं, अर्धा गुण द्यावा की नाही असं. मग रस्त्यावर शेअर रिक्षा थांबली, आणि "चालते सर, पोरं वाट बघत असतील," म्हणून ती मागच्या सीटवर दोघींच्या मधे जाऊन बसली. मी न प्यालेला चहा टपरीवाल्याला परत केला.

तर हे तुम्हाला कधीच माहीत नव्हतं. तो निकाल त्या दिवशी चार वाजता द्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मला वापीहून संध्याकाळची कोकणची गाडी गाठायची होती, गावी आंबा उतरवायला सुरुवात झाली होती, आणि योगिताला बोलावलं असतं तर गाडी चुकली असती. तुम्ही सोळा वर्षं स्वतःला दोष देत राहिलात, की वेळ नाही हे ऐकून मला बरं का वाटलं. आणि मी सोळा वर्षं तुम्हाला तो देऊ दिला.

आज रविवार. सकाळी सहाव्या वहीत ते प्रकरण काढलं आणि गाळलेला परिच्छेद पुन्हा लिहिला. तुम्ही हिंदीत सांगितला होतात तसाच, हाताने दाखवलेलं सोडून सगळं. माझं नाव जिथे होतं तिथे ठेवलं. तुमचं तुमच्या जागी. मजुराच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं वाक्य सुचलं होतं, हेही. एका ठिकाणी हात पुन्हा साखरेकडे जात होता, खोडलं. कुरमुऱ्यांचा डबा टेबलावर होता. एक मूठ खाल्ली. तेल जास्त झालंय.

योगिताचा कागद मला परत आणता येत नाही. तिच्या आईचं बोलणं लगद्यात गेलं, त्याला माझ्याकडे काही उपाय नाही, आणि तिने माझ्याकडून काही मागितलंही नाही. तितिरला तिचं नाव आणि खडोलीची ती टपरी सांगणार आहे. पुढचं त्या दोघी बघतील.

पावणेअकरा झाले. रिक्षा वळणावर आली की कुत्री भुंकतात, म्हणजे कळेल. वहीत परिच्छेद संपतो तिथे, तुमच्या शब्दांच्या खाली, एक ओळ मी माझ्याकडून घातली आहे. तुमच्या पुस्तकात माझी ही एकच ओळ. ती तुम्ही डोळे मिटून ऐकाल आणि डबा उघडणार नाही, एवढी आशा धरतो.

वेळ होता. — मोहन परब